जॉन हॅरिसन सुतार व समुद्रावरील रेखांश

शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर आडव्या व उभ्या अशा दोन जातींच्या रेषा काढलेल्या असतात. मुलें त्यांचीं नांवें परीक्षेपुरतीं पाठ करितात व पुढें बहुधा विसरून जातात. परंतु आपण कोणत्या उभ्या रेषेवर आहों हें भर समुद्रांत ओळखतां न आल्यामुळें शेंकडों वर्षें माणसें व जहाजें बुडत होतीं, आणि तें ओळखण्याचें साधन शेवटीं एका खेडेगांवच्या सुताराच्या हातून जगास मिळालें, हें थोड्यांस ठाऊक असतें. त्या सुताराचें नांव जॉन हॅरिसन. त्याचें चरित्र सांगण्यापूर्वीं त्या रेषांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण त्या समजल्यावांचून त्याचे श्रम समजणार नाहींत.

पृथ्वीच्या मध्यावरून जी मोठी आडवी रेषा कल्पिली आहे तिला विषुववृत्त म्हणतात. तेथें शून्य धरून उत्तर ध्रुवापर्यंत ९० व दक्षिण ध्रुवापर्यंत ९० अंश मोजतात. ही मोजणी म्हणजे अक्षांश. अक्षांश ओळखणें फारसें कठीण नाहीं. आपल्या गोलार्धांत ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच अजमासें त्या ठिकाणचा अक्षांश असतो. हात लांब करून मूठ धरिली असतां मुठीची रुंदी आकाशांत सुमारें १० अंश भरते. मुंबईच्या बाजूस ध्रुवतारा क्षितिजावर दोन मुठींहून किंचित् कमी उंच, म्हणजे १९ अंशांवर असतो. नागपुराकडे दोन मुठींहून किंचित् अधिक, म्हणजे २१ अंशांवर. आणि लंडन येथें तो पांच मुठींच्याहि वर दिसतो. ज्या वाचकांस रात्रीं शेतावर राखणीस जावें लागतें, त्यांनीं हें एकदां करून पाहावें.

उभ्या रेषांची गोष्ट निराळी आहे. सोललेल्या संत्र्याच्या फोडी जशा दोन्ही टोंकांस एकत्र मिळतात, तशा ह्या रेषा दोन्ही ध्रुवांवर मिळतात. सर्व सारख्याच लांबीच्या. त्यांत पहिली कोणती हें सृष्टीनें ठरवून दिलेलें नाहीं. १८८४ सालीं वॉशिंग्टन शहरीं अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले, तेव्हां लंडनजवळील ग्रीनिच येथल्या वेधशाळेवरून जाणारी रेषा शून्याची धरावी असें ठरलें. तिच्या पूर्वेस १८० व पश्चिमेस १८० अंश मोजतात. ही मोजणी म्हणजे रेखांश. परंतु नुसतें आकाशाकडे पाहून रेखांश कळत नाहीं. मुंबई व अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) हीं शहरें जवळ जवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणून जे तारे नगरच्या माथ्यावरून जातात तेच सुमारें साडेसात मिनिटांनीं मुंबईच्या माथ्यावरून जातात. आकाश तेंच, फरक काय तो वेळेचा.

आणि ह्या वेळेतच सारें मर्म आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासांत १५ अंश, आणि एका अंशास ४ मिनिटें. मुंबई व नागपूर ह्यांच्या रेखांशांत सवासहा अंशांचें अंतर आहे, म्हणून नागपुरास सूर्य मुंबईच्या २५ मिनिटें आधीं माथ्यावर येतो. आपल्या देशाची घड्याळें साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून लाविलेलीं असल्यामुळें मुंबईस खरी माध्यान्ह सरासरीनें बारा वाजून ३९ मिनिटांनीं होते. अंगणांत काठी रोवून तिची सावली सर्वांत आंखूड केव्हां होते हें पाहिलें असतां कोणासहि ताळा घेतां येईल. ऋतुमानानें ती वेळ पांचपंधरा मिनिटें मागेंपुढें होते, इतकेंच. सारांश, मी जेथें आहें तेथील वेळ सूर्य सांगतो. त्याच क्षणीं ग्रीनिच येथें किती वाजले हेंहि मला समजेल, तर दोन वेळांतील अंतरावरून मला माझा रेखांश काढतां येईल.

हें तत्त्व विद्वानांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. अडचण एवढीच कीं, घरची वेळ समुद्रावर बरोबर न्यावी कशी? त्या काळचीं उत्तम घड्याळें लंबकाचीं असत, आणि हेलकावे खाणाऱ्या जहाजावर लंबक निरुपयोगी. खिशांतल्या घड्याळांत दिवसाला कित्येक मिनिटांची चूक पडे. उन्हानें धातु पसरे, थंडीनें आंखडे, तेल घट्ट होई. म्हणून तांडेल लोक जहाजाचा वेग व दिशा ह्यांवरून अदमास बांधीत आणि बाकी नशिबावर सोडीत.

१७०७ सालच्या आक्टोबर महिन्याच्या २२ व्या तारखेस रात्रीं सर क्लाउडस्ले शोव्हेल ह्या इंग्रज आरमारी सेनापतीचीं चार जहाजें सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडालीं. हजारांहून अधिक माणसें मेलीं व सेनापतीहि मेला. जहाजें खडकांपासून दूर आहेत असा अधिकाऱ्यांचा समज होता. अलीकडील शोधकांनीं जहाजांच्या नोंदवह्या तपासून, त्या रात्रींची चूक केवळ रेखांशाची नव्हती, अक्षांशाचीहि होती, असें दाखविलें आहे. तरी त्या प्रलयानें लोकांच्या मनास जो धक्का बसला तो विसरला गेला नाहीं. १७१४ सालीं पार्लमेंटानें कायदा करून असें जाहीर केलें कीं, वेस्ट इंडिजपर्यंतच्या प्रवासांत जो कोणी अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश दाखवील त्यास २०,००० पौंड बक्षीस मिळेल. निवाडा करण्यास एक मंडळ नेमिलें. त्यांत ज्योतिषी, गणिती व आरमाराचे अधिकारी होते. घड्याळानें हें काम होईल असें वडील विद्वानांस वाटत नव्हतें. सर ऐझॅक न्यूटन ह्यांचा भरंवसा आकाशावर होता.

अर्धा अंश म्हणजे वेळांत २ मिनिटें. सहा आठवड्यांच्या प्रवासांत एवढीच चूक चालावयाची, तर घड्याळानें दिवसाकाठीं ३ सेकंदांहून अधिक चुकतां कामा नये.

जॉन हॅरिसन ह्याचा जन्म १६९३ सालच्या मार्चांत इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतीं फोल्बी गांवीं झाला. बाप सुतार. मुलगा लहान असतांच तें कुटुंब हंबर नदीच्या दक्षिणेस बॅरो नांवाच्या गांवीं राहावयास गेलें. जॉनला शाळेचा लाभ फारसा झाला नाहीं. बापाच्या हाताखालीं तो रंधा व पटाशी चालवूं लागला. गांवच्या उपासनामंदिरांतील घंटा वाजविणें व त्यांचे सूर जुळविणें ह्याचा त्याला मोठा नाद होता, आणि तेथील गायकवर्गहि तो चालवीत असे. त्याची ज्ञानाची हौस पाहून एका पाळकानें त्यास एक हस्तलिखित वाचावयास दिलें. केंब्रिज येथील निकोलस साँडर्सन नामक अंध गणिताध्यापकाचीं सृष्टिशास्त्रावरील व्याख्यानें त्यांत होतीं. जॉननें तें सबंध हस्तलिखित आकृतींसह आपल्या हातानें उतरून काढिलें आणि पुढें वर्षानुवर्षें जपून ठेविलें. गांवच्या पाळकानें एखाद्या होतकरू मुलास एक पुस्तक उसनें द्यावें ही लहानशी गोष्ट. तिचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

१७१३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें आपलें पहिलें मोठें घड्याळ केलें, तें लांकडाचें. लोखंड व पितळ महाग, लांकूड घरचें. चाकें ओक लांकडाचीं होतीं. रेषा आडव्या आल्या म्हणजे लांकडी दांता मोडतो हें प्रत्येक सुतारास माहीत असतें. म्हणून त्यानें दांत्यांचे तुकडे असे बसविले कीं, प्रत्येक दांत्यांत लांकडाच्या रेषा मध्यापासून बाहेरच्या बाजूस जाव्या. तें घड्याळ अद्यापि लंडनच्या संग्रहांत आहे.

पुढें १७२२ च्या सुमारास ब्रॉक्लस्बी येथील जमीनदाराच्या वाड्यावर त्यानें एक मनोऱ्याचें घड्याळ बसविलें. घड्याळ बिघडविणारा मुख्य शत्रु तेल होय, हें त्यानें हेरिलें होतें. म्हणून जेथें चाकें घासतात तेथें त्यानें लिग्नम व्हायटी नांवाचें वेस्ट इंडिजकडील जड लांकूड घातलें. त्याच्या अंगींच तेल असतें, वरून घालावें लागत नाहीं. तीनशें वर्षें होऊन गेलीं, तरी तें घड्याळ चालत आहे.

धाकटा भाऊ जेम्स ह्याच्या मदतीनें त्यानें मग उष्णतेचा बंदोबस्त केला. पितळेची कांब पोलादाच्या कांबेपेक्षां अधिक वाढते. त्यानें दोन्ही धातूंच्या नऊ कांबी एकीआड एक अशा जोडून लंबक बनविला, म्हणजे एका धातूची वाढ दुसऱ्या धातूनें खाऊन टाकावी आणि लंबकाची लांबी कायम राहावी. त्याची परीक्षा तो कशी घेई हें ऐकण्यासारखें आहे. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती, वेधशाळा नव्हती. आपल्या खिडकीची कड व शेजाऱ्याच्या धुराड्याची कड ह्या दोहोंच्या रेषेंत एखादा तारा येऊन धुराड्याआड गेला, कीं तो सेकंद मोजी. प्रत्येक तारा रोज आदल्या रात्रींपेक्षां ३ मिनिटें ५६ सेकंद लवकर मावळतो, तो कधीं चुकत नाहीं. चूक निघाली तर ती घड्याळाची. अशा रीतीनें पाहतां त्याच्या घड्याळांत महिन्यास एका सेकंदाहून अधिक चूक पडत नाहीं असें त्यास आढळलें. त्या काळीं असें घड्याळ दुसऱ्या कोणाजवळ नव्हतें.

१७३० च्या सुमारास तो समुद्री घड्याळाचा नकाशा घेऊन लंडनास गेला. राजज्योतिषी एडमंड हॅली ह्यानें त्यास जॉर्ज ग्रॅहम नामक नामांकित घड्याळजीकडे पाठविलें. सकाळीं दहा वाजतां सुरू झालेलें त्यांचें बोलणें रात्रीं आठ वाजेपर्यंत चाललें. आपला धंद्यांतील प्रतिस्पर्धी उभा राहील ही भीति न बाळगतां ग्रॅहमनें त्या परगांवच्या सुतारास बिनव्याजी पैसे उसने दिले.

पांच वर्षांनीं पहिलें समुद्री घड्याळ तयार झालें. त्याचें वजन ३४ किलो. लंबकाऐवजीं समोरासमोर झुलणारे दोन दांडे, ते स्प्रिंगांनीं जोडलेले, म्हणजे जहाजाच्या हेलकाव्यानें एकास जो धक्का बसेल तो दुसऱ्यानें फेडावा. १७३६ सालीं हॅरिसन तें घेऊन लिस्बनास जाऊन आला. परत येतांना इंग्लंडचा किनारा दिसूं लागतांच ऑर्फर्ड जहाजाच्या अधिकाऱ्यांनीं एका भूशिराचें नांव सांगितलें. हॅरिसननें घड्याळावरून सांगितलें कीं तें नव्हे, हें पश्चिमेकडील लिझर्डचें टोंक आहे. त्याचेंच खरें ठरलें. चूक ६० मैलांची होती, आणि तशा चुकीनेंच जहाजें फुटत. मुख्य तांडेलानें त्याला तसें लेखी दाखलपत्र दिलें.

आतां वेस्ट इंडिजची परीक्षा मागण्यास त्यास कोणी अडविलें नसतें. परंतु मंडळापुढें उभें राहून त्यानें आपल्याच घड्याळाचे दोष सांगितले व दुसरें करण्यासाठीं थोडे पैसे मागितले. दुसरें झालें, तेंहि त्यास पसंत पडलें नाहीं. तिसऱ्यावर त्यानें एकोणीस वर्षें घालविलीं. प्रस्तुत लेखकास ह्यांत थोडा हट्टाचा दोष दिसतो. कारण बक्षीस तर राहिलेंच, पण खलाशीहि तितकीं वर्षें वाट पाहत राहिले. तरी तीं वर्षें अगदीं वायां गेलीं असें नाहीं. पितळ व पोलाद ह्यांच्या दोन पट्ट्या पाठीस पाठ लावून जडविल्या असतां उष्णतेनें ती जोडपट्टी वांकते, हा शोध त्यानें तिसऱ्या घड्याळासाठीं लाविला. विजेच्या इस्त्रींत उष्णता बेताची ठेवण्यास पुढें तीच युक्ति कामास आली.

मग एक आश्चर्य घडलें. १७५३ सालीं त्यानें स्वतःच्या वापराकरितां आपल्या सूचनांप्रमाणें जॉन जेफ्रीज ह्या कारागिराकडून एक खिशांतलें घड्याळ करविलें. तें इतकें चांगलें चाललें कीं, आपण आजवर मोठ्या यंत्रांच्या मागें लागलों ती वाटच चुकीची, उत्तर लहान घड्याळांत आहे, असें त्याला दिसून आलें. १७५९ सालीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, त्यानें चौथें घड्याळ पुरें केलें. रुंदी सुमारें ५ इंच, वजन दीड किलोच्या आंत.

बाप वृद्ध, म्हणून मुलगा विल्यम हा तें घेऊन १७६१ च्या नोव्हेंबरांत डेप्टफर्ड जहाजानें जमेकास निघाला. वाटेंत जहाजावरील बियर नासून खलाशांवर नुसतें पाणी पिण्याची पाळी आली. त्या लोकांस ही मोठी आपत्ति वाटली. आपल्या वाचकांस वाटणार नाहीं. सर्वांचे डोळे मदीरा बेटाकडे लागले. तांडेलाचा हिशेब निराळा होता. बेट दुसऱ्या दिवशीं दिसेल, असें विल्यमनें घड्याळावरून सांगितलें. दोघांच्या हिशेबांत दीड अंशाचा फरक होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मदीरा समोर दिसलें. पुढें जमेका येथें ताळा घेतला तेव्हां, घड्याळाची ठरलेली दैनिक गति जमेस धरून, एकूण चूक अवघी ५ सेकंद, म्हणजे जागेंत सव्वा मैलाच्या आसपास, निघाली.

मंडळ म्हणालें कीं हा योगायोगहि असेल, आणि जमेकाचा खरा रेखांश तरी कोठें नक्की ठाऊक आहे? दुसरी परीक्षा ठरली. १७६४ सालीं विल्यम बार्बेडोस बेटावर पोंचला, तेव्हां निकाल पाहण्यास तेथें रेव्हरंड नेव्हिल मास्केलिन आधींच हजर होते. हे दीक्षित पाळक व ज्योतिषी. चंद्राचें ताऱ्यांपासूनचें अंतर मोजून रेखांश काढण्याची जी दुसरी पद्धति, तिचे ते मोठे पुरस्कर्ते. म्हणजे वादी तोच पंच, अशी विल्यमनें तक्रार केली. ह्या वेळीं घड्याळाची चूक ४७ दिवसांत ३९ सेकंद, म्हणजे १० मैलांच्या आंत भरली. कायद्यानें मागितल्याच्या तिप्पट चांगली.

तरीहि पूर्ण बक्षीस मिळालें नाहीं. १७६५ सालीं नवा कायदा झाला: घड्याळ उघडून त्याचें रहस्य सांगावें, मग अर्धी रक्कम, दुसऱ्या कारागिरांच्या हातून तशींच घड्याळें होतात असें सिद्ध व्हावें, मग उरलेली. ह्यांतील दुसरी अट अगदींच अन्यायाची नव्हती. एकच घड्याळ एकाच जहाजास उपयोगी, आणि राष्ट्रापाशीं जहाजें शेंकडों. परंतु खेळ चालू असतां नियम बदलले, हें म्हाताऱ्याच्या मनास फार लागलें. सहा दिवस त्यानें आपल्या घरीं पंचांपुढें घड्याळाचा कण न् कण उलगडून दाखविला व १०,००० पौंडांचा हक्क मिळविला. त्याच वर्षीं मास्केलिन राजज्योतिषी झाले. पुढल्या वर्षीं घड्याळें ग्रीनिचास नेतांना त्यांच्या माणसांच्या हातून पहिलें मोठें घड्याळ खालीं पडलें. चौथ्या घड्याळाची ग्रीनिच येथें दहा महिने परीक्षा झाली व तें भरंवशाचें नाहीं असा मास्केलिन ह्यांनीं अभिप्राय दिला.

हॅरिसनचे चरित्रकार मास्केलिन ह्यांस सरसकट खलपुरुष ठरवितात, तें आम्हांस पटत नाहीं. त्यांनीं १७६७ सालापासून दरवर्षीं चंद्राचीं कोष्टकें छापून प्रसिद्ध केलीं, आणि ज्या गरीब तांडेलास घड्याळ विकत घेणें शक्य नव्हतें त्याला कित्येक वर्षें त्यांचाच आधार होता. मात्र आपल्या मताविरुद्ध पुराव्याचें वजन करतांना त्यांच्या तराजूचा कांटा सरळ राहिला नाहीं, हेंहि खरें.

लार्कम केंडल नामक कारागिरानें मंडळाच्या सांगण्यावरून चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रत १७६९ सालीं पुरी केली. तिला ४५० पौंड पडले. कॅप्टन जेम्स कुक ह्यानें १७७२ ते १७७५ पर्यंत ती दक्षिण समुद्रांतील बर्फापासून उष्ण बेटांपर्यंत सर्वत्र नेली. निघतांना तो चंद्राच्या पद्धतीचा अभिमानी होता. परत आला तो घड्याळाचा साक्षीदार होऊन.

इकडे हॅरिसननें वयाच्या सत्तरीनंतर पांचवें घड्याळ केलें. न्याय मिळेना म्हणून विल्यमनें राजे तिसरे जॉर्ज ह्यांच्याकडे गाऱ्हाणें नेलें. राजांनीं १७७२ सालीं तें घड्याळ आपल्या खासगी वेधशाळेंत ठेवून दहा आठवडे स्वतः तपासलें. दिवसास एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक चूक निघाली नाहीं. राजांच्या पाठिंब्यानें गाऱ्हाणें पार्लमेंटापुढें गेलें आणि १७७३ च्या जूनमध्यें ८,७५० पौंड मंजूर झाले. हॅरिसन तेव्हां ८० वर्षांचा होता. कायद्यांतील तें बक्षीस म्हणून मात्र मंडळानें त्यास कधींच दिलें नाहीं, आणि दुसऱ्या कोणासहि दिलें नाहीं. १७७६ सालच्या मार्चाच्या २४ व्या तारखेस तो लंडन येथें मरण पावला. हॅम्पस्टेड येथील उपासनामंदिराच्या आवारांत त्याची कबर आहे.

त्याच्या मागून इतर कारागिरांनीं घड्याळाची रचना सोपी व स्वस्त केली. १८३१ सालीं बीगल जहाज जगप्रदक्षिणेस निघालें तेव्हां त्यावर अशीं २२ घड्याळें होतीं. मूळ घड्याळें मात्र ग्रीनिच येथें गंज खात पडलीं. १९२० सालीं रुपर्ट गूल्ड नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यानें तीं मागून घेतलीं व दहाबारा वर्षें खपून चालूं केलीं. आज तीं ग्रीनिचच्या वेधशाळेंत ठेविलेलीं आहेत. पहिलीं तीन चालतात. चौथें चालवीत नाहींत, कारण त्याला तेल लागतें, व तेलानें तें झिजेल अशी भीति आहे.

शेवटच्या दिवसांत हॅरिसननें एक ग्रंथ छापून असें लिहिलें होतें कीं, आपल्या पद्धतीनें केलेलें लंबकाचें घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आंत वेळ राखील. लोकांनीं तें म्हाताऱ्याचें चळ म्हणून हसण्यावारी नेलें. २०१५ सालीं ग्रीनिच येथें त्याच्या तत्त्वांवर बांधलेलें एक घड्याळ मोहोरबंद पेटींत ठेवून शंभर दिवस तपासलें, तेव्हां पांच अष्टमांश सेकंदाचा फरक निघाला.